महागाईच्या पोटात मंदी कशी?

प्रश्न : मंदीत मागणी घटते आणि भाव उतरतात, असे आम्ही शिकलो. मग अन्नधान्य आणि इंधन यांची टंचाई होऊन भाव भडकले की मंदीची भीती का व्यक्त होते? शिवाय या दोन्ही टंचाया बरोबरच का येतात?

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. युरियाचा पांढरा दाणा तळहातावर घेतला, तर तो नैसर्गिक वायूपासून बनला आहे हे सांगूनही खरे वाटणार नाही. पण खत कारखान्यात या वायूतून हायड्रोजन काढून, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवूनच अमोनिया आणि पुढे युरिया तयार होतो. म्हणजे वायू येथे इंधनही असतो आणि कच्चा मालही. म्हणूनच २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपात वायूचे भाव कडाडले, तेव्हा तेथील अनेक खत कारखान्यांनी उत्पादन घटवले किंवा थांबवले. त्याच सुमारास युक्रेनच्या काळ्या समुद्रावरील बंदरांत धान्य अडकून पडले. संयुक्त राष्ट्रसंघ आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने जुलै २०२२ मध्ये करार झाला आणि पुढच्या वर्षभरात त्या मार्गाने सुमारे ३.३ कोटी टन धान्य व अन्य शेतमाल बाहेर पडला. धान्य होते, त्याची वाट बंद होती.

आता मंदीविषयी. पोटाचा आणि इंधनाचा खर्च फारसा टाळता येत नाही. त्यामुळे कात्री लागते ती कपडे, घरदुरुस्ती, प्रवास यांना, आणि त्या व्यवसायांवर पोट असणाऱ्यांचे काम जाते. त्यातच महागाई आवरण्यासाठी मध्यवर्ती बँका व्याजदर चढवतात. अमेरिकेत हा दर मार्च २०२२ मध्ये जवळजवळ शून्य होता, तो जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. याने कर्ज महागते, मागणी दबते. गव्हाचे एक कणीस मात्र जास्त पिकत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक औद्योगिक देशांनी महागाई आणि मंदी एकत्रच सोसली होती.

प्रश्न : मग २०२२ नंतर जागतिक मंदी आली का?

उत्तर : नाही, जगाचे एकूण उत्पादन वाढतच राहिले. तथापि या सरासरीवर समाधान मानणे मला पटत नाही. त्याच वर्षी श्रीलंकेला परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली आणि तेथे इंधनासाठी लांबच लांब रांगा लागल्या. अमेरिकेतले व्याजदर वाढले की डॉलर वधारतो, आणि धान्य व तेल बाहेरून आणणाऱ्या गरीब देशाला चढा भाव चढ्या डॉलरमध्ये चुकवावा लागतो.