३५ फुटी लाकडी बोट स्वतः बांधून पाच वर्षांत सेशेल्सला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, पुण्यात नोकरी, सुतारकामाचा नाद, ३५ फुटी लाकडी शिडाची बोट स्वतः बांधायची आणि पाच वर्षांत बायकोला घेऊन सेशेल्स गाठायचं. जमेल का, आणि सुरुवात कुठून करू?

सेशेल्स जमेल. ३५ फुटी बोट बांधणंही जमेल. नोकरी सांभाळून दोन्ही पाच वर्षांत जमणार नाही. हे दोन वेगळे छंद आहेत आणि दोघांनाही तुमचे तेच शनिवार-रविवार हवे असतात.

मी कुठल्या जोरावर बोलतोय ते आधी सांगतो. दापोलीजवळ मामाच्या अंगणात मांडव घालून मी प्लायवूडची पंधरा फुटी शिडाची होडी बांधली. चार महिन्यांत होईल म्हटलं होतं, चौदा लागले. लांबचा प्रवास म्हणाल तर मुंबई ते कोची, तोही दुसऱ्याच्या बोटीवर पडेल ते काम करत. समुद्र मी ओलांडलेला नाही.

आता गणित. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि खोलीही वाढते, त्यामुळे आकारमान आठपटीच्या घरात जातं. माझ्या १५ फुटांना चौदा महिने लागले, ३५ फुटांचं तुम्हीच बघा. शिवाय लाकूडकाम संपलं म्हणजे बोट संपली असं नाही. डोलकाठी, तारा, शिडं, दोर, नांगर-साखळी, इंजिन, पंप यांची बिलं त्यानंतर सुरू होतात. माझ्या एवढ्याशा होडीत लाकूड आणि इपॉक्सीला (दोन भाग कालवून वापरायचा, कडक होणारा गोंद) जेवढे गेले, जवळपास तेवढेच शिड, दोर आणि कड्या-कप्प्यांना गेले.

म्हणून माझा सल्ला: बारा-पंधरा फुटांची होडी बांधा आणि समुद्रासाठी जुनी, धडधाकट फायबरची बोट शोधा. मग छोटी तरी कशाला बांधायची? कारण बांधता येणाऱ्याला दुरुस्त करता येतं. सुहैली ही शिडाची बोट माहीत असेल. ३२ फुटी, सागवानी, मुंबईत कुलाब्याला आपल्याकडच्या सुतारांनी हातोडी-वाकसाने घडवलेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून तिच्यातून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत तिथेच पोचला. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला. पण अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांचे सांधे गळायला लागले होते. गडी भर समुद्रात बोटीखाली बुडी मारून सांध्यात कापूस ठोकत बसला. तो टिकेना म्हणून कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, ती पट्टी तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच शार्क आला, तोही निस्तरला. पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या, रेडिओ बंद पडला, सुकाणू आपोआप धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ कामातून गेलं. तुमची बोट फायबरची असली तरी अशा वेळी लागणारा हात छोट्या होडीवरच तयार होतो.

आपल्याकडचं उदाहरण म्हादेई या शिडाच्या बोटीचं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, ५६ फुटी. रेड सीडरच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडून वर फायबरग्लास चढवलेलं. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले, एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. नंतर अभिलाष टॉमींनी तीच बोट न थांबता नेली. पण त्यामागे अख्खं यार्ड आणि नौदल उभं होतं. तुमच्यामागे मामाचा मांडव असणार.

होडी बांधायला घेतलीत तर प्लायपासून सुरुवात. दुकानदार कुठल्याही प्लायला 'मरीन' म्हणतो. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा, आणि शिक्क्यावरही विश्वास ठेवू नका. एक तुकडा मागून आणा आणि घरी पातेल्यात टाकून उकळत ठेवा. दिवसभर उकळायचं, रात्री तसाच राहू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. थर सुटले तर तो प्लाय कपाटाला ठीक. मी आणलेल्या पहिल्या तुकड्याचे संध्याकाळपर्यंत पापुद्रे झाले होते, आणि घरभर वास सुटला तो वेगळाच. कापलेल्या कडाही बघा, आत पोकळी दिसली तर परत करा.

इपॉक्सी एप्रिलमध्ये वापरू नका, असं मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी एकदम किलोभर कालवलं, डब्यातच ठेवलं आणि ब्रश शोधायला गेलो. परत येतो तर डबा हातात धरवेना, वर धूर. तसाच उचलून अंगणात भिरकावला, तो मामीच्या तुळशीवृंदावनाशी जाऊन थांबला. त्यानंतर कधीही पाव किलोच्या वर कालवलं नाही, आणि कालवलेलं लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं, म्हणजे उष्णता कोंडत नाही. दमट दिवसांत सुकलेल्या थरावर मेणचट, चिकट साय धरते. ती साध्या पाण्याने, घासणीने धुवायची आणि मगच पुढचा थर. सॅंडपेपरने घासू नका, साय आणखी पसरते.

लाकडाचा खरा वैरी पावसाचं पाणी. खारं पाणी लाकूड टिकवतं, गोडं पाणी कुजवतं. पहिल्या पावसाळ्यात मी होडीवर निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधली आणि निर्धास्त पुण्याला आलो. आत वारा नाही, त्यामुळे नुसता घाम. गणपतीत जाऊन बघतो तर मागच्या फळीत एका स्क्रूभोवती लाकूड काळं, टोचा सहज आत गेला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. आता प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं पाडतो, इपॉक्सीने भरतो आणि त्यातच नवं बारीक भोक पाडतो. ताडपत्रीखाली हवा खेळती राहील अशी फट ठेवतो.

शिडावर हात बसवायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी आणि आपली किनारपट्टी. पहाटेचा मतलई वारा धरून बाहेर पडायचं, दुपारी खारा वारा धरून परत यायचं. गलबतंवाले तांडेल वर्षानुवर्षं हेच करत आले. नव्या माणसाला यापेक्षा सोपी शाळा नाही.

सेशेल्सचं म्हणाल तर मुंबईहून सरळ रेषेत साधारण साडेसतराशे नॉटिकल मैल. दिवसाला शंभर मैल धरले तर अठरा दिवस, आणि विषुववृत्ताजवळ वारा पडला की त्यावर आणखी. माणशी रोज चार लिटर पाणी म्हणजे दोघांना १४४. याच्या दुप्पट घ्या आणि एकाच टाकीत ठेवू नका. निघायचं जानेवारीत, ईशान्येचा वारा पाठीशी असताना. अरबी समुद्रातली वादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची. निसर्ग ३ जून २०२० ला आलं तेव्हा मामाच्या वाडीतली निम्मी पोफळ आडवी झाली. कागदपत्रांसाठी मात्र बोट घ्यायच्या आधीच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन बसा.

कोचीच्या वाटेवर तिसऱ्या रात्री आमचा हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, तुटला आणि शीड धपकन डेकवर आलं. वादळ नव्हतं, काही नव्हतं. दोर कप्पीच्या कडेला तीन दिवस घासत होता, एवढंच. तेव्हापासून मी सकाळचा चहा हातात घेऊन सगळे दोर बोटांनी चाचपतो. कसब्यातल्या दुकानात मिळणारा जुना चामड्याचा पट्टा घासणाऱ्या जागी शिवून टाकला की महिनोन्महिने काळजी नाही.

आणि बायकोचं. बोट दोघांची असेल तर रात्री एक जागा, एक झोपलेला. तीन-तीन तासांच्या पाळ्या, अठरा दिवस. बोट शोधायच्या आधी कुणाच्या तरी बोटीवर दोघं मिळून मुंबई ते गोवा करा. तुम्ही पहाटे तीनला तिला उठवता तेव्हा ती काय म्हणते ते ऐका. ती तुम्हाला उठवते तेव्हा तुम्ही काय म्हणता, ते तिला विचारा.