मध्यरात्रीची पद्मिनी

ताई, वय ४३, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत. गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता मोबाईलवर १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीची जाहिरात दिसली. 'इंजिन जाम, किरकोळ डेंटिंग-पेंटिंग.' वडिलांकडे अशीच गाडी होती. न बघता ७० हजार पाठवले. त्यातले ४० हजार गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेवलेले. चिपळूणहून गाडी ट्रकवर आली तेव्हा बायकोला कळलं. दरवाज्याखालचा पत्रा हात लावला की गळतोय. बायको बोलत नाही, मेस्त्री म्हणतो 'करूया की', भाऊ म्हणतो भंगारात घाल. काय करू?
— गाडीवाला

दादा, वहिनींचा राग गाडीवर कमी आणि गच्चीवर जास्त असणार. जून तोंडावर आलाय. 'चुकलं माझं' एवढ्यावर हे मिटणार नाही, कारण त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न आहे: अजून किती जाणार? त्याचं उत्तर आज तुमच्याकडेही नाही. ते काढायला एक रविवार, एक जाडा स्क्रूड्रायव्हर आणि एक लोहचुंबक लागेल. तोवर मेस्त्रीला रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.

आधी कागद. १९८४ च्या गाडीची पहिली १५ वर्षं १९९९ ला संपली. त्यानंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. शेवटचं कधी झालं ते आरसी बुकात बघा. मुदत उलटली असेल तर विलंब शुल्क महिन्यांच्या हिशेबानं चढतं, शिवाय पर्यावरण कर आहेच. नोंदणीच रद्द झालेली निघाली तर पुढचं काही वाचू नका, ती गाडी सुट्या भागांसाठीच. कागद जिवंत असतील तर विकणाऱ्याकडून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लगेच घ्या. पैसे मिळालेला माणूस महिनाभरानं फोन उचलेलच असं नाही. चेसिस नंबरची पेन्सिल छाप स्वतः काढून आरसीशी ताडून बघा, इंजिन नंबरही. गंजानं आकडे खाल्ले असतील तर आरटीओत अडकाल. पुष्कळ पद्मिनींत मागाहून डिझेल इंजिन बसवलेलं असतं. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर तो आणखी एक ताप. 'व्हिंटेजमध्ये घालूया' असं कुणी सुचवेल, पण २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. तुमची बसत नाही.

आता पत्रा, कारण खरा निकाल इथंच लागतो. जुन्या जीपला खाली वेगळी फ्रेम असते, पद्मिनीला नाही. तिची बॉडी हीच तिची चेसिस. दरवाज्याखालची पोकळ पेटी, फ्लोअर आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथं बॉडीला अडकतात त्या जागा, यांवर सगळा भार. नेमकं हेच आतून सडतं. पेटीच्या आतल्या बाजूला रंग नीट पोचलेला नसतो, पाणी निघायची भोकं मातीनं बुजतात आणि ओली माती वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटून राहते. त्यात गाडी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला तिथं काय झालं आणि पुराचं पाणी गाडीत शिरलं की काय होतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. दरवाज्याचं आतलं पॅनेल काढा, हेडलाईट काढा, डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. वाळलेल्या गाळाची आडवी रेघ दिसली तर वायरिंग पूर्ण नवीन धरा.

चुंबक बाहेरून फिरवा. तो निसटला की तिथं पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलीय. मग खालून स्क्रूड्रायव्हरनं जोरात टोचा. ठणठण वाजलं तर पत्रा आहे. टोक आत गेलं तर खडूनं गोल करून फोटो काढा. गाडीखाली जाताना निव्वळ जॅकवर विश्वास नको, आणि दरवाज्याखाली तर जॅक लावूच नका, सडलेली पेटी चेपते. मागं ॲक्सलखाली आणि पुढं सस्पेन्शनच्या भक्कम भागाखाली स्टँड.

फ्लोअर आणि एका बाजूची पेटी गेली असेल तर काम होतं. दोन्ही पेट्या, स्प्रिंगांच्या जागा आणि विंडस्क्रीनच्या खांबांचा पायथा असं सगळंच गेलं असेल तर भावाचं ऐका, फक्त भंगाराच्या वजनानं देऊ नका. ग्रिल, बंपर, काचा, दिवे, क्रोमच्या पट्ट्या सुट्या विका. इंजिनाचे भाग मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पुष्कळ बनले, ते अजून शोधता येतात. हे बाहेरचं सामान मिळायला घाम फुटतो.

करायचं ठरलं तर मेस्त्रीला एकच प्रश्न विचारा: पेटी कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप मारणार का? इंचाचा चौकोनी पाईप पुरतो. हे न करता कापलं तर बॉडी मधून बसते आणि नव्या पेटीवर दरवाजा जन्मात लागत नाही. उत्तर 'त्याची काय गरज न्हाई' असं आलं तर चहा पिऊन निघा. एका वेळी एकच बाजू. पेटी आणि फ्लोअरला १८ गेज जाडीचा पत्रा, बाहेरच्या पॅनेलला त्याहून पातळ २० गेज. वेल्डिंग सीओटूचं (तारेचं, मिग), छोटे टाके जागा बदलत. गॅसनं सलग ओढलं की उष्णता पसरून पत्रा लाटांसारखा होतो. सडक्या पत्र्यावर नवा तुकडा चढवू देऊ नका, दोन थरांत पाणी राहतं. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. पेट्रोलची टाकी आधीच उतरवून गाडीपासून लांब ठेवायची. मग इपॉक्सी प्रायमर, आणि पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण.

जाम इंजिनाची धास्ती उगाच. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पेनिट्रेटिंग ऑईल घाला, चार दिवस थांबा, रोज थोडं वाढवा. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हळूहळू मागं-पुढं. स्टार्टर मारायचा नाही. सुटलं नाही तर हेड उघडावं लागेल, आणि बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर थोडे मोठे कोरून घ्यायला, शिवाजी उद्यमनगर हाकेवर आहे. फक्त क्रम पाळा: आधी ओव्हरसाईज पिस्टन हातात, मग त्यांच्या मापानं बोअर. मूळ माप ६८ मिलिमीटर. ब्लॉक आधी कापून पिस्टन शोधत फिरणारे तिथं रोज दिसतील.

चालू करण्याआधी ब्रेक. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडर नवे, रबरी होज पुढचे दोन आणि मागचा एक नवे. जुन्या टाकीतलं पेट्रोल नको. इंजिनाच्या पेट्रोल पंपाला छोट्या कॅनमधून ताजं द्या आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. 'जाळ अन् धूर संगटच' हे मिसळीला शोभतं, कार्ब्युरेटरला नाही. रंग सगळ्यात शेवटी, मेस्त्री कितीही घाई करो.

रविवारी संध्याकाळी फोटो, कागदांची अवस्था आणि दोन मेस्त्र्यांचे लेखी अंदाज वहिनींसमोर ठेवा. मोठ्या अंदाजात निम्मा आणखी मिळवून सांगा, कारण पत्रा कापल्यावर काम वाढतंच. गच्चीचे ४० हजार आधी परत, मग गाडीला महिन्याची ठरलेली रक्कम, तीही वहिनी म्हणतील तेवढी. त्या 'विका' म्हणाल्या तर तेही उत्तरच आहे. खर्च व्हायच्या आधी विकलेली बरी.

आणि काहीही ठरो, पावसाआधी गाडी शेडखाली हलवा. ताडपत्री थेट अंगावर गुंडाळू नका, आत घाम धरून पत्रा आणखी लवकर जातो. चार खांब, वर पत्रे, बाजू मोकळ्या, आणि खाली शहाबादी फरशी.