प्रेमकादंबरीतील दुय्यम खलनायक म्हणून पुन्हा जन्म झाला, तर पहिले काम कोणते कराल?

आपण विचारले आहे, की पूर्वी वाचलेल्या प्रेमकादंबरीत किरकोळ खलनायक म्हणून जन्म मिळाला आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असले, तर सुरुवात कोठून कराल. मी नायिकेच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या मामाकडे, जाईन आणि मुलगी आमच्या घरी देण्याचा जो शब्द त्यांनी माझ्या आईला दिला आहे, त्यातून त्यांना मोकळे करेन. हेच काम पहिले का, ते सांगतो.

या प्रकारच्या कथा जपानमध्ये फार लिहिल्या गेल्या. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावर हौशी लेखक त्या प्रकरणाप्रकरणाने लिहीत आले आहेत. त्यांतील ‘अकुयाकु रेइजो’, म्हणजे खानदानी खलनायिका, बहुधा राजपुत्राची वाग्दत्त वधू असते. राजपुत्र भर समारंभात ते लग्न मोडतो आणि तिच्या नशिबी हद्दपारी किंवा मृत्यू येतो. चिनी वाचक अशा पुस्तकात शिरण्याला ‘चुआनशू’ म्हणतात, आणि नायकाची वाट मोकळी व्हावी म्हणून ज्याचा बळी जातो त्या किरकोळ पात्राला ‘पाओहुई’, म्हणजे तोफेच्या तोंडी दिलेला. मी यांतील बऱ्याच कथा इंग्रजी भाषांतरांतून वाचल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मला आपल्याकडचा आतेभाऊ आठवला आहे.

मराठी कौटुंबिक कादंबरीतील हा आतेभाऊ आपल्याला चांगला परिचयाचा आहे. तो नायिकेची पत्रे दडवतो, मामाचे कान भरतो, नायकाच्या धंद्यात खोडा घालतो आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात सर्वांसमक्ष अपमानित होऊन निघून जातो. परंतु मामाची मुलगी ही त्याच्या हक्काची, हे त्याला कोणी शिकवले? सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. मराठी घरांत भावाची मुलगी सून म्हणून आणण्याची रीत आहे, तर शेजारच्या काही घरांत मुलगी प्रत्यक्ष मामालाच दिली जाते. प्रत्येक लग्नाच्या पंगतीत पाच वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन ‘ती बघ तुझी नवरी’ म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. तेच पोर पंचविशीत पोहोचते, तोवर नायक येतो, आणि थोरांनी हसत दिलेला शब्द जो एकटा विसरला नाही, तो खलनायक ठरतो. पत्रे दडवण्याचे मी समर्थन करत नाही. पण अपराधाची सुरुवात पंगतीत झाली, असे माझे ठाम मत आहे.

समजा, कथा सोलापुरातीलच आहे, माझी सुताची पेढी आहे आणि नायकाने कर्ज काढून चार यंत्रमाग टाकले आहेत. मूळ कथेत मी त्याची सुताची उधारी बंद करतो. लेखकाला यासाठी एक ओळ पुरते. मी मात्र त्या ओळीच्या पलीकडचे पाहिले आहे, कारण माझे वडील अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात जेकॉर्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारी, कार्डे पाडण्याचे काम करत. सूत आले नाही की माग थांबतो, माग थांबला की कामगाराचा आठवड्याचा पगार बुडतो, आणि मग घरात त्याच्या बायकोने वळलेल्या विड्यांवर चूल पेटते. असे दोन आठवडे आमच्या शेजारच्या घरात मी पाहिले आहेत. त्या घरातले खडखड करणारे पिठाचे डबे अजून माझ्या कानांत आहेत. म्हणून दुसरे काम हे, की नायकाशी माझे पटो वा न पटो, सूत वेळेवर जाईल.

पुढचे सारे ठाऊक असण्याचा उपयोग किती, हेही वडिलांच्या कामामुळेच मला उमगले. सोलापुरी चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरील भोकांतून उतरते. ज्या जागी भोक असेल तेथील ताण्याचे (उभे) धागे वर उचलले जातात आणि त्यांखालून बाण्याचा (आडवा) एक धागा जातो. एका कार्डावर एक धागा, आणि अशी शेकडो कार्डे दोरीने ओवलेली. वडील चुकीचे भोक चिकटपट्टीने बुजवत आणि योग्य जागी नवे पाडत. तेवढ्याने मोराचा हत्ती होत नसे. एक रेघ सुधारत असे. या कथांतील बरीच पात्रे सगळी नक्षीच बदलायला जातात, नायिकेलाच जिंकतात किंवा दूर देशी पळून जातात. मला ते पटत नाही. नायक-नायिकेचे लग्न व्हायचे ते होऊ द्यावे. माझ्या हातची दोन-तीन कार्डे तेवढी मी बदलेन.

महाभारतातील विकर्णाचे उदाहरण मला येथे महत्त्वाचे वाटते. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणारा तो कौरव पुढे भावांच्याच पक्षात राहिला आणि भीमाच्या हातून मारला गेला. नुसते एकदा बरे बोलून भागत नाही. ज्या जागी उभे राहिल्याने आपण खलनायक ठरतो, ती जागाच सोडावी लागते. मामाला शब्दातून मोकळे करणे म्हणजे ती जागा सोडणे.

एक प्रश्न मात्र अवघड आहे, आणि या कथांत तो फार कमी वेळा येतो. हा खरे तर पुनर्जन्म नव्हे, परकायाप्रवेश आहे. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आपण ऐकतो, तशीच ही गोष्ट. म्हणजे त्या देहाला आधीची एक आई आहे. भावाची मुलगी सून म्हणून घरात यावी, म्हणजे माहेर तुटणार नाही, एवढीच आशा तिने वीस वर्षे धरली आहे. मी तिचा मुलगा नाही, हे तिला ठाऊक नाही. मामाकडून परतल्यावर मला तिच्यासमोर बसावे लागेल. ती विचारेल, “असं काय वाईट पाहिलंस रे तिच्यात?” मी म्हणेन, “काहीच नाही, आई. तिला आपण कधी विचारलंच नाही.” ती चार दिवस माझ्याशी बोलणार नाही, आणि ताट मात्र वाढून ठेवील. ते ताट, कडक भाकरी आणि शेंगाचटणीसकट, मी तिच्यासमोरच बसून जेवेन, आणि येत्या गड्ड्याच्या यात्रेला तिला घेऊन तिच्या भावाच्या दारावरूनच सिद्धेश्वराला जाईन.