सोमवारच्या फोनवर काय बोलू?

प्रश्न : माई, मी डिचोलीची, वय 27. आम्ही दोघंच भावंडं. धाकटा भाऊ (घरी त्याला बाबू म्हणतो) शिकायला हैदराबादला होता. तिथे त्याची लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्या चर्चशी ओळख झाली आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. घरी फार रडारड झाली. पुढे वर्षभराने तो मिशनरी म्हणून दोन वर्षांसाठी गेला. सध्या राजमहेंद्रीला असतो. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपाटी. दर सोमवारी व्हिडिओ कॉल करतो. गेले काही आठवडे त्याचा चेहरा उतरलेला दिसतो. परवा म्हणाला, "ताई, इथं कोण ऐकत नाही. तेलुगू डोक्यात शिरत नाही. प्रार्थनेला बसतो, पण पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. मी आलो कशाला?" मला त्याचा धर्म पटलेला नाही. मी घरचे देव, कुळाचार सगळं मनापासून करते. पण तो माझा भाऊ आहे. परत ये म्हणू की राहा म्हणू? माझा ज्यावर विश्वास नाही, त्यासाठी त्याला धीर कुठल्या तोंडाने देऊ? आई तर फोनसमोर येतच नाही. चवथ जवळ आली की ती आणखी खचेल.
– एक ताई, डिचोली

उत्तर : तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं. बाबूच्या आजूबाजूला त्याच्याच धर्माची माणसं आहेत, तरी "पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही" हे वाक्य त्याने तुझ्याजवळ बोललं. धीर देण्याचा अधिकार तुला त्यानेच दिला आहे, तो तू कुठून आणायचा हा प्रश्नच उरत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी या चर्चची सभासद आहे, आणि तिने लग्नाआधी अशीच सेवा केली. मुलग्यांची मुदत दोन वर्षं, मुलींची दीड. पत्र आल्यावर मी तिला फोन लावला आणि सगळं विचारून घेतलं, कारण माहिती नसताना सल्ला देणं मला जमत नाही. ती सांगत होती ते तुलाही ठाऊक असलेलं बरं. सकाळी साडेसहाला उठायचं, आधी अभ्यास, मग दिवसभर बाहेर, रात्री साडेदहाला दिवा बंद. सोबतीचा मिशनरी, म्हणजे जोडीदार, वरून ठरवून दिलेला आणि चोवीस तास त्याच्याच सोबत राहायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकट्याने जायचं नाही. जरा कुठे ओळखी झाल्या की बदली. खर्च बहुतेक वेळा स्वतःचा किंवा घरच्यांचा. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत तर घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असायची, नाताळात आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला बोलता येतं. म्हणजे तुझा सोमवार पूर्वीच्या बहिणींना मिळत नव्हता.

तिला मी विचारलं, सगळ्यात जड काय गेलं? मला वाटलं, लोक तोंडावर दार लावतात ते सांगेल. ती म्हणाली, "नाही म्हटलेलं लागतं, पण विसरता येतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर आज आपण काय केलं हे सांगायला काही नसतं, ते खातं." मग ती एक करायला लागली. रोज रात्री वहीत त्या दिवशी भेटलेल्या एका माणसाचं नाव आणि त्याच्याबद्दलची एक गोष्ट लिहायची. अमक्याच्या मुलीची दहावी आहे. तमक्या आजींचा गुडघा दुखतो. यातल्या बहुतेकांनी तिच्या धर्माची चौकशीसुद्धा केली नाही. पण ती माणसं तिला अजून नावानिशी आठवतात, आणि माझा देवावरचा विश्वास त्या वहीत वाढला, असं ती म्हणते.

म्हणून पहिली विनंती. "किती जण आले, कितींनी ऐकलं" हे त्याला कधीच विचारू नकोस. तो हिशेब त्याच्या डोक्यात आधीच रात्रंदिवस चालू असणार. "या आठवड्यात कोण भेटलं?" असं विचार, आणि पुढच्या सोमवारी त्या माणसाची आठवणीने चौकशी कर.

आता मुख्य गोष्ट. बाबूने हा धर्म बहुधा इंग्रजीतून शिकला. आता तो अडखळत्या तेलुगूतून सांगायचा प्रयत्न करतो आहे. आपल्या घरच्या भाषेत, आपल्या माणसाला, त्याने तो कधी सांगितला असेल का? मला शंका आहे. घरी तर भांडणच झालं, आणि भांडणात माणूस बाजू मांडतो, मन उघडत नाही. तू त्याला एकदा म्हण, "बाबू, तुला यात नेमकं काय सापडलं ते मला सांग. मी बाप्तिस्मा घेणार नाही, वादही घालणार नाही. मला फक्त ऐकायचं आहे." त्याला शब्द सापडायला वेळ लागेल, लागू दे. स्वतःचा विश्वास आईच्या भाषेत सांगताना माणसाला स्वतःलाच कळतं की त्यातलं किती आपलं आहे आणि किती पाठ केलेलं. यात तुझी श्रद्धा कुठेही पणाला लागत नाही.

सुरुवात कुठून करायची सुचलं नाही, तर त्याला गॉर्डन हिंकली यांची गोष्ट विचार. त्याला नक्की माहीत असणार. 1933 साली हा तरुण अमेरिकेतून इंग्लंडमध्ये प्रेस्टन गावी मिशनरी म्हणून आला. मंदीचे दिवस होते, आई आधीच वारलेली, घरच्यांनी पैसे कसेबसे उभे केलेले. तिथे तब्येत बिघडली, लोक दाद देईनात. त्याने वडिलांना कळवलं की मी माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतो आहे. वडिलांनी उलट टपाली अगदी थोडक्यात लिहिलं, की स्वतःला विसर आणि कामाला लाग. तो राहिला. पुढे 1995 ते 2008 हाच माणूस त्या चर्चचा अध्यक्ष होता.

हे उत्तर मला आवडतं, पण तू ते बाबूला जसंच्या तसं देऊ नकोस असं मला वाटतं. ते वडील त्याच श्रद्धेतले होते आणि मुलाची ताकद ओळखून होते. प्रत्येक खचलेल्या मुलाला "स्वतःला विसर" म्हणून चालत नाही. कधी कधी तो स्वतःला इतका विसरलेला असतो की जेवणही विसरतो.

त्यांच्याकडची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल 1830 मध्ये त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव पायी फिरला. बहुतेकांनी हाकलून लावलं. दोनचार प्रती कुणाकुणाच्या हातात ठेवून तो परतला, हाती काही लागलं नाही असंच त्याला वाटलं. त्यातलीच एक प्रत ब्रिगम यंग यांच्या घरच्या माणसांपर्यंत गेली, आणि 1832 मध्ये ब्रिगम यंग यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे सगळा समाज सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेऊन वसवला तो त्यांनी. आणखी एक, हे बाबूला कदाचित माहीत नसेल. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईला उतरला, पुण्याला गेला आणि तिथे मराठी शिकायला बसला. मोजायचं म्हटलं तर त्या काळच्या हिंदुस्थानातल्या त्यांच्या कामातून फार थोडं हाती लागलं आणि काही वर्षांत ते बंदही पडलं. बाबू तेलुगूवरून रडवेला होतो तेव्हा त्याला सांग, की तुझ्यासारखाच एक जण कधीकाळी आपल्या भाषेवरून घाम गाळत होता.

प्रार्थनेत पलीकडे कुणी नसल्यासारखं वाटणं, याबद्दल मी माझंच सांगते. मी वर्षानुवर्षं जप करते. कितीतरी सकाळी नुसते मणी सरकतात. पूर्वी मी घाबरायची, आता घाबरत नाही, बसते आणि उठून कामाला लागते. असे कोरडे दिवस प्रत्येक धर्मातल्या माणसाच्या वाट्याला येतात, आणि त्यावरून श्रद्धा संपली असं ठरवता येत नाही. आपल्या बाणावलीचे जोसेफ वाझ 1687 मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. पंथ वेगळा, ते कॅथलिक. डचांची बंदी, आजारपण, अनोळखी भाषा. कँडीला पोचले तर पोर्तुगिजांचा हेर म्हणून कोठडीत टाकलं. पुढे तिथे देवीची साथ आली, घरच्यांनी टाकून दिलेल्या आजाऱ्यांना त्यांनी धुतलं, पुसलं, भरवलं. राजाचा विश्वास त्यांना मिळाला तो त्यामुळे. बाबूला तेलुगूत उपदेश करता येत नसेल, पण कुणाची पाण्याची घागर उचलून देता येते, कुणा म्हाताऱ्याला दवाखान्यात नेता येतं. त्यांच्यात सेवेला चांगलं स्थान आहे. जोडीदाराला विचारून आठवड्यातून एकदा तरी असं काम धर, असं त्याला सांग.

एका बाबतीत मात्र तू नुसती ऐकत राहू नकोस. उदासपणा आणि आजार यांत फरक आहे. झोप लागते का, जेवतो का, वजन उतरलं आहे का, रडू आवरत नाही असं होतं का, हे सरळ विचार. जगावंसं वाटत नाही असं काही तो बोलला, तर पुढच्या सोमवारची वाट पाहायची नाही. त्यांच्या चर्चने मिशनरींना ताण ओळखण्यासाठी एक पुस्तिका दिलेली असते, त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे आहेत. "आज तू कुठल्या रंगात आहेस?" असं विचारलंस तर "बरा आहे" म्हणून निसटणं त्याला कठीण जाईल. नारिंगीच्या पुढे असेल तर मिशन प्रेसिडेंटला सांगायला लाव, डॉक्टरकडे पाठव. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर आहे, तिथे तूही बोलू शकतेस. तब्येतीसाठी मुदतीआधी घरी येणाऱ्या मिशनरींना त्यांच्यात परवानगी असते, घरी राहून सेवा पूर्ण करायचीही सोय आहे. हे त्याला माहीत असलं तरी तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे.

म्हणून "ये" किंवा "राहा" यांपैकी तू काहीच म्हणू नकोस. "आलास तर तुझी खोली आहे, राहिलास तर सोमवारी मी फोनवर आहे," एवढं म्हण. परतीचं दार उघडं आहे हे कळलं की पुष्कळ जण शांतपणे राहतात, असं माझी विद्यार्थिनी सांगते. आणि जो परत येतो, तो निदान मान खाली घालून येत नाही.

आईवर रागावू नकोस. गोव्यातल्या हिंदू घरात बाप्तिस्मा हा शब्द आला की जे दुखतं ते बाबूच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. तुमच्याच तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. दिवाडीचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं म्हणून देव नदीपलीकडे आणला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायला लावलं. आई ते दुःख घेऊन बसली आहे. बाबूवर कुणी जबरदस्ती केलेली नाही, त्याने समजून उमजून ठरवलं, हा फरक तिला पटेल तेव्हा पटेल. वाद घालून पटणार नाही.

माझा थोरला भाऊ तरुणपणी घर सोडून दूरच्या आश्रमात गेला होता. आई बरीच वर्षं त्याला पोस्टकार्ड लिहायची. त्यात उपदेश नाही, कधी येतोस हेही नाही. न्हाणीमागच्या फणसाला यंदा खालपर्यंत फणस धरले, तांबडी गाय व्याली, वाड्यावर कुणाचं लग्न ठरलं, एवढंच. भाऊ म्हणायचा की ध्यानाला बसून जे स्थिर होत नाही ते त्या कार्डाने होतं. तुझ्या आईलाही फोनसमोर बसवू नकोस. ती वालीची भाजी निवडत असेल, नारळ खवत असेल, तिथे फोन घेऊन जा आणि बाबूशी तू बोलत राहा. तिच्या कानावर पडू दे. चवथीच्या आधी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधताना त्याला दाखव, कुठलं फळ राहिलं ते त्याला ओळखू दे. तो पूजेला बसणार नाही, पण लहानपणापासून पाहिलेली माटोळी त्याच्या डोळ्यांतून कुठे जाणार?

आणि आईला एक नक्की सांग. त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. मुलगा उपास करतो म्हटल्यावर ती आधी "अशक्त होईल" म्हणेल, मग उपास सोडताना काय खातो ते विचारेल. तेव्हा फोन तिच्या हातात दे. जमलं तर एक डबा कुरिअरने पाठवा, फणसाचे पापड, सुकी सोलं, घरचा मसाला. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य आहे, ती तेवढी घालू नका.

तेलुगूचं कसं काय चाललं आहे ते मला कळव.
– माई