यात प्रभू कुठे आहे?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती घरांमधून एक प्रश्न गेली बरीच वर्षे मी निरनिराळ्या शब्दांत ऐकते आहे. कोणाची मुलगी नृत्य शिकत असते, कोणाचा मुलगा नाटकात रमलेला असतो, कोणी चित्रे काढतो. आणि घरातली माणसे विचारतात की हे देवाचे पाचारण आहे की नुसती हौस, आणि हौसच असेल तर ती सोडून त्याने सेवेत यायला नको का? अशा वेळी ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ पाळक होणे, सुवार्तिक होणे किंवा फार तर उपासनेत पेटी वाजवणे एवढाच असतो. विचारणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नसते. मात्र त्यांना हो किंवा नाही असे उत्तर हवे असते आणि मी ते देत नाही, याचा त्यांना रागही येतो. ते मी का देत नाही, हे एका घराच्या हकिगतीवरून सांगते. त्या घराची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो तरुण सव्वीस वर्षांचा होता, नगर जिल्ह्यातला. चित्रकलेची पदविका पूर्ण करून तो पुण्यात एका खोलीत राहत होता आणि पुस्तकांसाठी चित्रे काढून जेमतेम भागवत होता. पहिल्या भेटीला आला तेव्हा त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येत होता, आणि बोलताना तो दोन्ही हात टेबलाखाली ठेवत होता. मला वाटले, नखांत रंग असेल म्हणून लाजतो आहे. पुढे कळले की चार महिने त्याने कुंचला हातात धरलेला नव्हता. तो नुसताच रोज संध्याकाळी कुंचले टर्पेंटाइनमध्ये धूत बसायचा. झोप उडाली होती, जेवण कमी झाले होते. जगणे नकोसे वाटते का, हे मी स्पष्ट विचारले; तसे नव्हते. तरी त्याला एका डॉक्टरांना भेटायला लावले आणि मगच आम्ही पुढे बोलू लागलो.

त्याच्या पिशवीत एका सेमिनरीचा, म्हणजे पाळकांचे शिक्षण देणाऱ्या संस्थेचा, प्रवेश अर्ज होता, घडी पडून पडून मऊ झालेला. तो त्याने भरला नव्हता आणि फेकलाही नव्हता.

अर्जामागची गोष्ट अशी. त्याचा जन्म झाला तेव्हा नाळ गळ्याभोवती अडकली होती आणि बाळ रडेना. आई स्वतः मिशनच्या दवाखान्यात परिचारिका असल्यामुळे त्या शांततेचा अर्थ तिला खोलीतल्या इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत होता. बाळ रडेपर्यंतच्या त्या क्षणांत तिने देवाला सांगितले की हे मूल जगले तर ते तुझ्या सेवेला देईन. मूल जगले. ही गोष्ट त्याने दर वाढदिवसाला, घरगुती प्रार्थनेत आणि मंडळीसमोर साक्षीच्या वेळी इतक्यांदा ऐकली होती की, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘मी जन्मायच्या आधीच माझी सही झालेली होती.’ त्याने कला महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा आई काही बोलली नाही. पदविका हाती आल्यावर मात्र तिने तो अर्ज आणून दिला आणि म्हणाली, ‘आता माझं ऋण फेड.’

तो काय रंगवत होता, तेही सांगायला हवे. साखर कारखान्याच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. तिथली पहाट, गाड्यांखाली झोपलेली पोरे, अंधारात चूल पेटवणाऱ्या बाया. त्याने फोनवर अकरा चित्रे दाखवली. एकात एक बाई तव्यावरच्या भाकरीवर पडलेली चिपाडाची राख पदराच्या टोकाने झटकते आहे. हे चित्र आईने पाहिले तेव्हा तिने एवढेच विचारले होते, ‘छान आहे, पण यात प्रभू कुठे आहे?’ त्यानंतर त्याला नवे चित्र सुरू करता आले नव्हते.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. हा प्रश्न माझ्या ओळखीचा असल्यामुळे उत्तरेही माझ्यापाशी तयार होती, आणि दुसऱ्याच भेटीत मी ती त्याच्यापुढे मांडली. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायातला बसालेल हा याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता; सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे काम करणारा कारागीर होता, आणि देवाने त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले ते त्या कारागिरीसाठीच. मग अँजेलो दा फोन्सेका यांच्या चित्रांच्या छापील प्रती काढून दाखवल्या. गोव्यातल्या सांतु इस्तेव्ह इथे 1902 साली जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी शिकला, साडी नेसलेली मरिया रंगवली म्हणून आपल्याच लोकांच्या रोषाला सामोरा गेला, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून 1967 साली मृत्यू येईपर्यंत रंगवत राहिला. आपल्याच शहरातला इतका थोर दाखला पाहून त्याला उभारी येईल, अशी माझी समजूत होती. त्याने त्या प्रती नीट रचून परत दिल्या आणि म्हणाला, ‘ताई, ही मोठी माणसं. आणि यांनी शेवटी मरियाच काढली ना? मी कोप्या काढतो.’ म्हणजे आईच्या एका मापाशेजारी मी आणखी एक माप ठेवले होते. दाखले खोटे नव्हते, पण त्याने अजून आपली गोष्ट पुरती सांगितलेली नव्हती आणि मी मात्र बाजू मांडून मोकळी झाले होते.

त्यानंतरच्या दोन भेटी मी जवळजवळ गप्प राहिले. चौथ्या भेटीत तो म्हणाला, ‘तुमच्या एक लक्षात आलं का? अकरापैकी एकाही चित्रात डोळे नाहीत.’ खरोखरच नव्हते. बाया वाकलेल्या, पाठमोऱ्या किंवा खाली पाहणाऱ्या होत्या. मी ती चित्रे तीनदा पाहिली होती आणि माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

मग जे बाहेर आले ते आईला ठाऊक नव्हते. पदविकेच्या शेवटच्या दोन वर्षांची फी त्याने नगरच्या एका गणपती कारखान्यात काम करून भरली होती. त्याचा हात स्थिर, म्हणून मालकाने त्याला आखणीला बसवले, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. टेबलावर बोट फिरवून त्याने मला ते दाखवले: आधी बुबुळ, मग वरच्या पापणीची रेष एका दमात, कारण मध्ये श्वास सोडला की रेष हलते. मालक भला माणूस होता, रविवारी सकाळी त्याला न मागता सुटी देई. कामाचा दर्जा सगळे वाखाणत. आणि घरी आई मंडळीला सांगत होती की मुलगा शिकवण्या घेऊन फी भरतो.

‘ज्या हाताने ते केलं, त्या हाताने देवाला काय देऊ?’ तो म्हणाला. त्याचे हात त्या वेळीही टेबलाखालीच होते.

हा प्रश्न मानसशास्त्राचा नव्हता, विवेकाचा होता, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने या दोहोंची गल्लत करू नये असे माझे मत आहे. कारखान्यात काम करणे बरोबर की चूक, हा निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या संमतीने मी त्याला त्याच्या पाळकसाहेबांकडे पाठवले, आणि खरे सांगायचे तर जरा धास्तीनेच पाठवले. त्यांनी त्याला आधी एकच विचारले, ‘तू पूजा केलीस का?’ तो म्हणाला, ‘नाही, मजुरी घेतली.’ मग त्यांनी 2 राजे मधल्या नामानाची कथा काढली. कोडातून बरा झालेला तो अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याला सांगतो की आपला धनी रिम्मोन या दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची मला क्षमा असो. आणि अलीशा त्याला व्याख्यान न देता शांतीने जा म्हणतो. पाळकसाहेबांनी त्याला आखणीबद्दल दोष दिला नाही. आईशी दोन वर्षे खोटे बोललास ते मात्र तुला तिला सांगावे लागेल, असे बजावले. सगळेच पाळक इतके नेमके बोलत नाहीत.

पुढची भेट आईवडिलांसह झाली. आई ताठ बसली होती. ‘सलाम’ म्हणाली आणि पिशवीतून पवित्र शास्त्र काढून मांडीवर ठेवले. मुलाने कारखान्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, ‘मला सांगितलं असतंस तर मी दागिना मोडला असता.’ मला वाटले होते तो आघात मूर्तींचा असेल; तिला लागले होते ते मुलाने पैसे मागितले नाहीत हे.

नवसाचा विषय तिनेच काढला. हन्नेने शमुवेलाला दिले तसे मी याला दिले, असे ती म्हणाली. मी तिला 1 शमुवेलातले त्यापुढचे दोन अध्याय वाचायला सांगितले. हन्नेने मुलाला देवाच्या घरात नेऊन सोडले हे खरेच, पण तिसऱ्या अध्यायात हाक येते ती त्या मुलाला, त्याच्या नावाने, रात्री. आणि तोही ती ओळखत नाही, तीनदा एली याजकाकडे धावत जातो. आईचा नवस मुलाला दारापर्यंत नेऊ शकतो, आतली हाक त्याच्या वतीने ऐकू शकत नाही. तिने ते मान्य केले, पण नवस बोलून फिरवला तर काय, ही भीती जाईना. तेव्हा पाळकसाहेबांनी सुचवलेला लेवीयाचा सत्ताविसावा अध्याय उघडला. माणसाचा नवस केला असेल तर त्याचे मोल ठरवून तो सोडवता येतो: वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे 50 शेकेल, आणि नवस करणारा गरीब असेल तर याजकाने त्याची ऐपत पाहून ठरवावे. आईने बोट ठेवून ते दोनदा वाचले आणि अगदी गंभीरपणे विचारले, ‘मग मी किती भरू?’ आम्ही सगळे हसलो, तीही हसली, पण तिचा प्रश्न खराच होता. सव्वीस वर्षे वाहिलेले ओझे कुठेतरी रीतसर उतरवायला तिला जागा हवी होती.

वडील एस.टी.त चालक होते आणि तोवर एक शब्दही बोलले नव्हते. चित्राचा विषय निघून आईने पुन्हा ‘पण त्यात प्रभू कुठे आहे’ म्हटले तेव्हा ते एकदम म्हणाले, ‘शाळेत आपल्याला रेव्हरंड टिळकांची ती पक्षिणीची कविता होती. तीत कुठं येशूचं नाव होतं?’ आई लगेच म्हणाली, ‘शेवटी ती पिलांना प्रभूच्याच हवाली करते.’ वडील म्हणाले, ‘ते पक्षीण म्हणते. टिळक नुसते बघत उभे आहेत.’

काव्यसमीक्षेत हे कितपत टिकेल हे मला माहीत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तो आधीच कवी म्हणून, आणि पुढे त्यांनी अभंगाच्या वळणाची जी गीते रचली ती ही बाई रोज पहाटे म्हणते. पण ते ज्या डोळ्यांनी पाखराकडे पाहत होते तेच डोळे त्या गीतांमागेही आहेत, हे तिला नवऱ्याच्या त्या एका वाक्याने जसे जाणवले तसे माझ्या बसालेलाने जाणवले नसते. ती मुलाला म्हणाली, ‘ती भाकरीवाली बाई पुन्हा दाखव.’

‘पाचारण’ या शब्दाबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथेच नोंदवते. तो शब्द मोठा आहे, म्हणून त्याच्या आडोशाला पुष्कळ लहान गोष्टी दडवता येतात: घरभाडे, लपवलेली मजुरी, आईची भीती, मुलाची चालढकल. हा तरुणही निर्दोष नव्हता. पाचारणाचा निकाल लागेपर्यंत काम न करण्याची त्याला सोय झाली होती, हे मी त्याला सांगितले आणि ते त्याला झोंबले. आणि मंडळ्यांनाही विचारावेसे वाटते की वर्षातून एकदा नाताळच्या गव्हाणीचा पडदा रंगवून घेण्यापलीकडे ज्या माणसाची तुम्ही कधी विचारपूस केली नाही, त्याच्या कलेत सेवा किती आहे याचा हिशेब तुम्ही कोणत्या तोंडाने मागता?

त्याने सेमिनरीचा अर्ज भरला नाही. ए.टी.डी.चा, म्हणजे कलाशिक्षक पदविकेचा, भरला, कारण शाळेत कलाशिक्षकाची नोकरी मिळाली तर घरभाडे सुटते. बसालेलाला इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली होती, हे निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायातले वाक्य या वेळी त्यानेच मला दाखवले. चित्रे रात्री काढतो. झोप सुधारली आहे, पूर्ण नाही.

आईने मोल कसे भरले, ते त्याने फोनवर सांगितले. हंगामाच्या सणाला मंडळीत भोपळे, ज्वारीची कणसे, अंडी, कोंबड्या अर्पण येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. तिने त्या राशीत ते भाकरीचे चित्र नेऊन ठेवले. चित्रातली बाई अजून तव्याकडेच पाहते आहे. बोली दोनशेपासून सुरू झाली आणि वडिलांच्या डेपोतल्या एका जुन्या वाहकाने ते सातशे रुपयांना घेतले. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘नऊशेची तर नुसती फ्रेम होती.’