प्रोटोटाइप करण्यापूर्वी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

वापरकर्त्यांना शिफारशी करणाऱ्या तुमच्या ॲपचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. पहिल्याच प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे कल्पना पडताळण्यासाठीच्या कच्च्या नमुन्यात, लॉगिन, पेमेंट, नोटिफिकेशन आणि डॅशबोर्ड हे सारे बसवण्याचा तुमचा बेत दिसतो. पण तसे केल्यास हाती प्रोटोटाइप न येता घाईघाईने उरकलेले उत्पादनच येईल. कोणत्या शंकेचे निरसन करायचे आहे हे आधी ठरवावे आणि त्यासाठी लागेल तेवढेच तयार करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

1996 साली बाजारात आलेल्या ‘पाम पायलट’ या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाची जुळवाजुळव चालू असताना त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स खिशात मावेल असा लाकडी ठोकळा बाळगत आणि कोणी भेटीची वेळ विचारली की तो बाहेर काढून त्यावर नोंद केल्याचा आव आणत. त्या ठोकळ्यात एकही सर्किट नव्हते. तरीही असे यंत्र सतत जवळ ठेवले जाईल का आणि ते नेमके कशासाठी लागेल, हे त्यांना त्यातून अजमावता आले. 1999 च्या सुमारास ‘झॅपोस’ या ऑनलाइन बूटविक्री कंपनीचे संस्थापक निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो संकेतस्थळावर टाकले आणि ऑर्डर आली की तोच जोड दुकानातून विकत घेऊन पाठवला. त्यात नफ्याची अपेक्षा नव्हती. पायात न घालता लोक बूट घेतील का, एवढेच पाहायचे होते.

तुमची शंका शिफारशींच्या उपयुक्ततेविषयी आहे. मग शिफारशी आपोआप ठरवणारा अल्गोरिदम लिहिण्याआधी शिफारशी तुम्ही स्वतःच पडद्याआडून पाठवून पाहा. स्क्रीन कागदावर काढल्या तरी चालतील. किंबहुना फार देखणी स्क्रीन दाखवली की लोक रंगांवरच बोलत बसतात. चाचणीत वापरकर्त्याला एक काम द्या आणि गप्प बसा. ‘आता कुठे दाबू?’ असे त्याने विचारले, तरी लगेच उत्तर देऊ नका; बोट कुठे थबकले, मागे जाण्याचे बटण केव्हा दाबले, याची नोंद ठेवा. ‘छान आहे’ हा अभिप्राय मात्र हिशेबात धरू नका, कारण तो बहुधा भिडेपोटी दिलेला असतो.

आणखी एक. डेमो रंगला की तोच कोड पुढे वाढवण्याचा आग्रह होतो, विशेषतः गुंतवणूकदार घाई करत असतील तर. सुरक्षा, बॅकअप आणि चुकीच्या इनपुटची हाताळणी यांचा विचार न करता लिहिलेला तो कोड खऱ्या ग्राहकांपुढे नेऊ नका. शिकलेले ठेवा, कोड टाकून द्या.

पुढच्या भेटीपूर्वी तुमची शंका एका वाक्यात लिहून पाठवा, आणि कोणते उत्तर मिळाल्यास ही कल्पना सोडून द्याल तेही त्याखाली लिहा.

आपला स्नेहांकित