वाचकांचे प्रश्न: मोठे टायर लावले आणि थारचं ॲव्हरेज पडलं

प्रश्न: माझी थार डिझेल मॅन्युअल आहे. मूळ 255/65 आर18 टायर काढून 265/70 आर18 ऑल-टेरेन टायर घातले, वर कॅरिअरही बसवलं. ॲव्हरेज 13 वरून 10.5 वर आलं. इंजिन खोलावं लागेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर: इंजिनाला हात लावू नका. आधी हिशेब तपासा. मूळ टायरचा व्यास सुमारे 789 मि.मी., नव्याचा 828. चाक एका फेरीत 5 टक्के जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. मीटरवरचे 100 कि.मी. म्हणजे प्रत्यक्षात 105. म्हणजे तुमचं 10.5 हे खरं 11 आहे. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किमान 300 कि.मी. चालवा, त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा. मीटरच्या अंतराला 1.05 ने गुणा आणि भरलेल्या लिटरने भागा. स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नका.

उरलेली घट मात्र खरी आहे. जाड नक्षीचा जड टायर रस्त्यावर जास्त ताकद खातो. दर वेळी वेग घेताना तेवढं वजन फिरवावं लागतं, त्यामुळे शहरात फटका जास्त बसतो. मोठ्या चाकाने गिअरिंगही लांबतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ कमी होते. खंबाटकी घाट चढताना पूर्वीच्या गिअरमध्ये गाडी गुदमरत असेल, तर वेळेवर खालचा गिअर टाका.

हायवेवर दोष वाऱ्याचा. 80 ऐवजी 100 ने गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि थारचा उभा चेहरा आधीच वारा अडवतो. कॅरिअर रोज लागत नसेल तर उतरवून ठेवा. आमच्या मते फुकटात होणारी सर्वांत मोठी बचत हीच.

टायर थंड असतानाच हवा तपासा. वाळूत किंवा चिखलात उतरवलेली हवा डांबरावर येताच भरून घ्या. टायर बदलल्यावर अलाइनमेंट केली नसेल तर करून घ्या. पाण्याचिखलातून फिरणाऱ्या गाडीत पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कला ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिना सुकून ब्रेक किंचित धरून राहतो. 15-20 कि.मी. शक्यतो ब्रेक न मारता चालवा आणि रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच चाक तापलेलं लागलं तर तिथली पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावून घ्या.

प्रश्न: पावसाळ्यात थारमध्ये फोर-हाय (चारही चाकांना ताकद) कायम ठेवलं तर चालेल का?

उत्तर: डांबरावर नाही. या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक सुटायला वाव नसतो, म्हणून गिअर-शाफ्टवर ताण साठतो. डिझेल जातं, टायर झिजतात, लिव्हर अडकतो. चिखल संपला की टू-हाय, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद.